कोळशाचं ग्रिल पेटवायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात फ्लॅटच्या गच्चीवर वापरायला कोळशाचं ग्रिल घेतलं, दोनदा रॉकेल टाकून पेटवलं, वरचे कोळसे काळेच राहिले आणि पनीरला रॉकेलचा वास लागला. आता लायटर फ्लुइड, कापूर, गोवरी की चिमणी, यातलं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

चिमणी घ्या. मी हिवाळ्यात जवळजवळ दर आठवड्याला गच्चीवर वांगी, भुट्टे, कधी कोंबडी भाजतो आणि तुम्ही नावं घेतलेल्या सगळ्या पद्धती करून पाहिल्या आहेत.

ही चिमणी म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडा, पत्र्याचा उभा डबा. खालून तिसऱ्या हिश्श्यावर आडवी जाळी, जाळीखाली बाजूने भोकं आणि धरायला मूठ. जाळीवर कोळसे, जाळीखाली पेटता कागद. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातला भडकणारा भाग निघून गेलेला असतो, उरतो तो बहुतेक कार्बन. त्यामुळे कोळसा काडी लावली की कागदासारखा पेट घेत नाही. त्याला आधी चांगलं तापवावं लागतं आणि मग खालून हवा मिळावी लागते. ग्रिलमध्ये पसरून ठेवलेल्या कोळशांची धग उघड्यावर उडून जाते, शेजारच्या कोळशापर्यंत पोचतच नाही. तुमचं रॉकेल वरच्यावर जळून गेलं आणि कोळसे काळे राहिले, ते याच कारणाने. तेच कोळसे उभ्या डब्यात एकमेकांना खेटून भरले की खालच्याची धग वरच्याला लागते, तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी भोकांतून गार हवा आपोआप ओढली जाते. फुंकणी लागत नाही, पंखा लागत नाही.

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी आजी बादलीची शेगडी अशीच पेटवायची. खाली गोवरीचा तुकडा आणि काटक्या, वर कोळसे आणि त्यावर बूड काढलेला डालड्याचा डबा उभा. अंगणभर पसरणारा धूर त्या डब्यातून सरळ वर जायचा आणि थोड्या वेळात खालचे कोळसे लाल दिसायला लागायचे. मग ती पदराने डबा उचलून बाजूला ठेवायची. बाजारात पहिल्यांदा चिमणी पाहिली तेव्हा मला तो डबाच आठवला.

विकत आणायची नसेल तर पाच लिटर तेलाच्या रिकाम्या डब्याची घरी करता येते. झाकण आणि बूड कापा, खालच्या कडेला खिळ्याने बोटभर अंतरावर भोकं पाडा, तळापासून तीन बोटं वर लोखंडी सळ्या आडव्या-उभ्या ओवून जाळी करा. वरचा रंग जाळून टाकायला एकदा नुसताच तापवून घ्या, मगच स्वयंपाकाला वापरा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा मात्र यासाठी घेऊ नका. त्या तापमानाला जस्ताची वाफ होते आणि ती श्वासात गेली तर थंडी वाजून ताप भरतो.

जाळीखाली वर्तमानपत्राची दोन पानं पुरतात. ती घट्ट चुरगळून कोंबू नका. सैल गुंडाळून चुंबळ करा, म्हणजे मध्ये हवेला वाट राहील. त्यावर तळणाचं उरलेलं तेल चमचाभर शिंपडा. पणतीत वात दिसते, पण जळतं ते तेल. इथेही तसंच होतं, आणि एका मिनिटात राख होणारा कागद चार-पाच मिनिटं टिकतो. गुळगुळीत रंगीत मासिकाची पानं नकोत. मी कागदासोबत मूठभर वाळलेली संत्र्याची सालं टाकतो. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला येणारी संत्री घरात येतात तेव्हाच ग्रिलचे दिवस सुरू होतात. सालं चार-पाच दिवस गच्चीवर उन्हात टाकली की कुरकुरीत होतात. त्यांच्यात तेल असतं, ती तडतडत छान पेटतात.

आता पेटवा आणि तिथेच उभे राहा. पहिली तीन-चार मिनिटं दाट पांढरा धूर येईल. तो कागदाचा आणि कोळशातल्या ओलीचा, त्याला घाबरू नका. सात-आठ मिनिटांनी धूर विरळ होतो, टिकटिक असा बारीक आवाज यायला लागतो आणि वाकून भोकांतून पाहिलं की आत केशरी दिसतं. आणखी थोड्या वेळाने वरच्या कोळशांच्या फटीतून निळसर, जवळजवळ पारदर्शक ज्योत नाचायला लागते. अंधार असेल तरच ती नीट दिसते. तो कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वरच्या हवेत जळत असतो. ती ज्योत दिसली की समजायचं, खालचं काम झालं. तरी घाई नको. सगळ्यात वरच्या कोळशांच्या कडांवर राखाडी साय धरू द्या. लाकडी कोळशाला एकूण पंधरा मिनिटं, ब्रिकेटला, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या वड्यांना, वीस-पंचवीस. मग जाड सुती किंवा चामडी हातमोजे घालून चिमणी ग्रिलमध्ये अलगद ओता, चिमट्याने निखारे सारखे करा, वर जाळी ठेवून पाच मिनिटं तापू द्या. तुमचं पनीर तेव्हा टाकायचं. चार माणसांना किलो-दीड किलो कोळसा पुरे.

कोळसा लाकडीच घ्या. तुमच्या गल्लीतला प्रेसवाला कोळशाची इस्त्री वापरत असेल तर तो कुठून आणतो ते त्याला विचारा. आपल्याकडे उमरेड, सावनेर, कामठीच्या खाणी जवळ असल्यामुळे दगडी कोळसाही सहज मिळतो, पण त्याच्या धुरात गंधक असतं. भांड्याखाली तो जळणं वेगळं आणि त्याच्यावर उघडं अन्न भाजणं वेगळं. पावसाळ्यात पोत्यात पडून राहिलेला लाकडी कोळसा ओल धरतो. तो पेटायला दुप्पट वेळ घेतो आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन फटकन फुटतो, ठिणग्या उडतात. ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस पसरून ठेवा आणि नंतर झाकणाच्या डब्यात भरा.

चिमणी नसेल तर माझी दुसरी पसंती गोवरीला. रोडगे भाजणाऱ्या विदर्भात गोवरीची ओळख करून द्यायची गरज नाही. खडखडीत वाळलेल्या दोन गोवऱ्यांचे तळहाताएवढे तुकडे करा, ते एकमेकांना टेकवून झोपडीसारखे उभे करा, आत कापराची एक वडी ठेवा आणि भोवती कोळसे निमुळते रचा. अर्धा तास लागतो, धूरही होतो, म्हणून शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवर कपडे वाळत असतील तर आधी सांगून ठेवा. गोवरीची पूर्ण राख झाल्याशिवाय वर काही ठेवू नका. नुसत्या कापरावर कोळसा पेटवू पाहाल तर वड्या संपतील, काजळी होईल आणि वास मागे राहील.

गॅसवर जाळी ठेवून चार-पाच कोळसे लाल करता येतात. धुंगार द्यायला घरोघरी तसं करतातच. ते ढिगाच्या तळाशी ठेवले की बाकीचे पेटतात, पण ठिणगी उडते, बर्नरमध्ये राख पडते आणि काचेच्या शेगडीला तडा जाऊ शकतो. विजेची कॉइल मिळते, काम बरं करते, पण गच्चीवर प्लग पाहिजे. काडी लावताच फुरफुरत पेटणाऱ्या धूप जाळायच्या कोळशाच्या गोल वड्यांमध्ये सोरा (पोटॅशियम नायट्रेट) असतो, त्या अन्नाखाली नकोत.

रॉकेलचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. काही वर्षांपूर्वी आमच्याच गच्चीवर माझ्या मामेभावाला वाटलं कोळसे विझले, म्हणून त्याने बाटलीतून पुन्हा धार सोडली. वरून काळे दिसत होते, आत निखारा होता. आधी पांढरी वाफ उठली आणि पुढच्या क्षणी ज्वाळा धारेवरून हातापर्यंत आली. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले, भुवई गेली. पोरं जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्या दिवसापासून आमच्याकडे गच्चीवर रॉकेलची बाटली जात नाही. लायटर फ्लुइडलाही हेच लागू. एकदा काडी लावली की पुन्हा एक थेंबही टाकायचा नाही. पेट्रोल आणि सॅनिटायझर तर कधीच नको. पेट्रोलची वाफ लांबून आग ओढते आणि सॅनिटायझरची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही.

नागपूरच्या गच्चीवर आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे कूलर. उन्हाळा संपला तरी कितीतरी कूलर तिथेच उभे असतात आणि त्यांच्या ताट्यांमधलं वूडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, वाळून कोरडंठाक झालेलं असतं. एक ठिणगी पुरते. ग्रिल कूलरपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी लू सुटलेली असताना पेटवूच नका.

आणि डिसेंबरच्या थंडीत जेवणं झाल्यावर उरलेले निखारे ऊब म्हणून खोलीत नेऊ नका. दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत तोच कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद केलेल्या बाल्कनीतही ग्रिल पेटवू नका.

निखारे विझवताना ग्रिलला झाकण असेल तर ते आणि खालची भोकं बंद करा, हवा तुटली की निखारे विझतात. झाकण नसेल तर चिमट्याने उचलून घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका आणि डबा रात्रभर फरशीवरच राहू द्या. राखेखाली सकाळपर्यंत निखारा जिवंत राहतो, म्हणून लगेच कचऱ्यात ओतू नका. सकाळी राख चाळून अर्धवट जळलेले कोळसे वेगळे काढा. ते नव्या कोळशापेक्षा लवकर पेटतात. पुढच्या वेळी चिमणीत सगळ्यात खाली तेच भरा.