प्रोसेसर घेताना आणि वापरताना : वाचकांचे प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारच्या मल्टी-इफेक्ट्स पेडलविषयी, म्हणजे आपल्याकडचे वादक ज्याला नुसते 'प्रोसेसर' म्हणतात त्या, गिटारच्या आवाजाचे रूप बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या यंत्राविषयी, बरीच पत्रे साठली होती. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. सारख्या शंकांची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी नुकतीच सिंगल-कॉइल पिकअप असलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. अ‍ॅम्प घेतलेला नाही. घरी हेडफोन लावूनच वाजवणार आहे. सुटी पेडले घ्यावीत की मल्टी-इफेक्ट्स? दुकानात एका यंत्रात दोनशेच्या वर इफेक्ट्स आहेत असे सांगतात, दुसऱ्यात सत्तरच्या आसपास. दोनशेवालेच घ्यावे ना? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : अ‍ॅम्प घेतलेला नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण निर्णय त्यावरच व्हायला हवा. सुटे पेडल बनवणारा माणूस पुढे गिटारचा अ‍ॅम्प आहे असे धरून चालतो, त्यामुळे डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणारे, एखादे नामांकित पेडल आणून त्याला थेट हेडफोन जोडायला गेलात, तर मुळात जोडायला जागाच सापडणार नाही, आणि जुगाड करून जोडलाच तर जो आवाज येईल त्याने गिटारचीच किळस येईल. मल्टी-इफेक्ट्समध्ये इफेक्ट्सबरोबर अ‍ॅम्पची आणि त्याच्या स्पीकरच्या खोक्याची, म्हणजे कॅबिनेटची, डिजिटल नक्कलही असते आणि हेडफोनसाठी जागा असते. तेव्हा तुमच्या परिस्थितीत मल्टी-इफेक्ट्सच घ्यावा, यात मला शंका नाही.

आता दोनशे आणि सत्तर. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' असा प्रकार या बाजारात पुष्कळ आहे. त्या दोनशेमध्ये एकाच कोरसचे (आवाज दुहेरी, दाट करणारा इफेक्ट) चार अवतार, एकाच डिलेचे (प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) सहा अवतार आणि एकदा ऐकून पुन्हा कधी न लावायचे चमत्कारिक आवाज धरलेले असतात. दुकानदाराला विचारायचे ते वेगळे. एका वेळी किती इफेक्ट्स चालू ठेवता येतात? झूमच्या जी१ एक्स फोरमध्ये ते पाच आहेत, आणि शिकणाऱ्याला पाच पुरतात. वाह (तोंड उघडल्या-मिटल्यासारखा आवाज) किंवा आवाजाचा चढउतार करण्यासाठी पायाने दाबायचे एक्स्प्रेशन पेडल यंत्रालाच जोडलेले आहे का? संगणकाला जोडल्यावर त्यातून थेट ध्वनिमुद्रण होते, की यूएसबीची जागा केवळ सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापुरती आहे? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि घरी येऊन चुटपुटतात. बॉसच्या जीटी-१मधून असे ध्वनिमुद्रण करता येते. हे यंत्र आणि वर सांगितलेला झूम ही दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात आणि दोन्हींना एक्स्प्रेशन पेडल आहे. नवशिक्याने ऐकण्याची सुरुवात या दोघांपासून करावी. मुअर, नक्स, व्हॅलेटन या चिनी कंपन्यांची यंत्रेही आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाहीत. किमती मात्र मी लिहीत नाही, कारण त्या रुपयाबरोबर आणि सणासुदीच्या सवलतींबरोबर हलतात.

दुकानात जाताना आपली गिटार आणि आपला हेडफोन न्यावा. दुकानातल्या भारी गिटारवर सगळेच गोड लागते. यंत्रातले पहिले दहा-बारा पॅच, म्हणजे इफेक्ट्स जुळवून साठवून ठेवलेले आवाज, गिऱ्हाइकाला दिपवण्यासाठीच बनवलेले असतात, त्यांत रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) आणि डिले ओतलेला असतो. त्यांच्या नादी न लागता रिकामा पॅच उघडावा, त्यात फक्त एक स्वच्छ अ‍ॅम्प आणि त्याची कॅबिनेट ठेवावी आणि पाच मिनिटे साधे कॉर्ड वाजवावेत. हा उघडा आवाज ज्या यंत्रात कानाला बरा वाटेल, ते यंत्र पुढेही साथ देते.

घरी आणल्यावर मेनूतली नावे पाहून गोंधळ होईल. दुसऱ्या कंपनीचे नाव छापण्यात ट्रेडमार्कची अडचण असते, म्हणून यंत्रात टोपणनावे देतात. 'टी-स्क्रीम' दिसले की आयबानेझचे हिरवे ट्यूब स्क्रीमर समजावे आणि अ‍ॅम्पच्या नावात 'ब्रिट' असले की बहुधा मार्शल. म्हणून मूळ पेडलांची थोडी वंशावळ ठाऊक असणे कामाचे आहे : १९६२चा मेस्ट्रो फझ-टोन, १९७६चा बॉसचा सीई-१ कोरस, १९७८चे त्याच कंपनीचे नारिंगी डीएस-१ डिस्टॉर्शन. मूळ पेडल ऐकलेले असले की त्याच्या नकलेकडून काय अपेक्षा ठेवायची हे कळते, आणि मेनूत चाचपडणे थांबते.

क्रमाविषयी एवढेच सांगतो की ट्यूनर, कॉम्प्रेसर आणि वाह आधी, मग ओव्हरड्राइव्ह, मग अ‍ॅम्प, त्यानंतर कोरस-फेझर, मग डिले आणि सर्वांत शेवटी रिव्हर्ब, ही रूढ मांडणी आहे. ती मोडायला कोणाची हरकत नाही, पण एकदा रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या आधी ठेवून ऐका, म्हणजे रूढी का पडली ते समजेल : खोलीचा घुमारासुद्धा डिस्टॉर्शनमधून भरडून निघतो.

प्रश्न : हेडफोनवर माझे डिस्टॉर्शन भरदार वाटते. तेच यंत्र मित्राच्या गिटार अ‍ॅम्पला लावले की आवाज घोंगडीखाली दाबल्यासारखा येतो, आणि घरातल्या कीबोर्डच्या स्पीकरला लावले की गांधीलमाशी गुणगुणल्यासारखा. यंत्र बिघडले आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे. मात्र त्याला आपण कुठे जोडले गेलो आहोत हे कळत नाही, ते तुम्ही सांगावे लागते.

गिटारच्या अ‍ॅम्पमधला बारा इंची स्पीकर हा सगळे ऐकवणारा स्पीकर नव्हे. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनमध्ये तयार होणारे तीक्ष्ण, किरकिरे वरचे स्वर तो गाळून टाकतो, आणि आपल्या कानात 'रॉक गिटार' म्हणून बसलेला आवाज हा गाळल्यानंतरचा आहे. कीबोर्डचा स्पीकर, पीए (सभागृहातली ध्वनिक्षेपण यंत्रणा) आणि हेडफोन ही गाळणी लावत नाहीत, म्हणून तिथे यंत्रातली कॅबिनेटची नक्कल चालू हवी. ती बंद राहिली की तुमची गांधीलमाशी निघते. उलट मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये खरा गिटार स्पीकर आहेच. तिथे नक्कलही चालू ठेवली तर गाळणी दोनदा लागते आणि घोंगडी पडते. माझा अंदाज असा, की हेडफोन लावल्यावर तुमचे यंत्र कॅबिनेट आपोआप चालू करते आणि इतर वेळी ती पॅचमध्ये जशी ठेवली असेल तशी राहते; एकदा पॅच उघडून खात्री करून घ्या.

अ‍ॅम्पला जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. समोरच्या इनपुटमध्ये जोडणार असाल तर यंत्रातला अ‍ॅम्प आणि कॅबिनेट दोन्ही बंद ठेवून फक्त इफेक्ट्स वापरणे बरे, कारण खऱ्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प, म्हणजे आवाजाला रंग देणारा पहिला टप्पा, वाटेत येतोच. अ‍ॅम्पच्या मागे 'इफेक्ट्स रिटर्न' अशी जागा असेल तर तिथे जोडा. मग तो प्रीअ‍ॅम्प वगळला जातो, आणि यंत्रातला अ‍ॅम्प चालू, कॅबिनेट बंद, अशी मांडणी करता येते. माझी पसंती दुसऱ्या तऱ्हेला आहे. काही यंत्रांत ही सगळी निवड एका जागी होते. बॉसच्या जीटी-१मध्ये 'आउटपुट सिलेक्ट' म्हणून मेनू आहे, त्यात छोटा अ‍ॅम्प, कॉम्बो, स्टॅक, लाइन किंवा हेडफोन यांपैकी काय जोडले आहे ते सांगायचे असते.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. घरी रात्र रात्र बसून बनवलेले पॅच स्टेजवर सपशेल पडतात. सोलो ऐकूच येत नाही, स्वच्छ पॅच मात्र कानठळ्या बसवतो. शिवाय गणेशोत्सवातल्या मांडवांत घूंऽ असा आवाज येतो, तो घरी येत नाही. — एक वादक, कोल्हापूर

उत्तर : तुमचे दुखणे बहुतेक वादकांचे आहे आणि त्याचे मूळ आपल्या कानात आहे. आवाज हळू असताना कानाला खर्जातले आणि अतितार स्वर कमी जाणवतात, मधले अधिक. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी याचे आलेख १९३३मध्ये प्रसिद्ध केले. घरी शेजारी झोपलेले असताना तुम्ही हळू आवाजात पॅच बनवता, तो पोकळ वाटतो म्हणून बेस आणि ट्रेबल चढवता आणि मिड उतरवता. तोच पॅच स्टेजवर मोठ्या आवाजात गेला की चढवलेला बेस बेस गिटारच्या आणि ऑक्टोपॅडच्या अंगावर जातो, ट्रेबल झांजेत विरतो, आणि गिटार ज्या मधल्या पट्ट्यात ऐकू येते तो पट्टा तुम्ही स्वतःच्या हाताने रिकामा केलेला असतो. तेव्हा स्टेजचा पॅच स्टेजच्याच आवाजाला, निदान तालमीत सगळे वाजत असताना बनवावा. एकट्याने ऐकताना तो थोडा शेंबडा, नाकातला वाटेल, वाटू द्यावा. गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण) घरच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी करावा आणि रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकावा, कारण सभागृहाचा घुमारा फुकट मिळतो.

स्वच्छ पॅच कानठळ्या बसवतो त्याचे कारण निराळे. डिस्टॉर्शन स्वराचे उंचवटे दाबून सपाट करते. स्वच्छ आवाजात ते उंचवटे शाबूत असतात आणि मोठ्या आवाजात अंगावर येतात. पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवताना नुसत्या मीटरवर विसंबू नये. कोणाला तरी वीस फुटांवर उभे करून एकामागून एक पॅच बदलावेत आणि त्याने हात वर-खाली करून सांगावे. एवढा साधा उपाय आहे, पण करायचा कंटाळा सगळ्यांना असतो, मलाही होता.

घूंऽ या आवाजाचे निदान गिटारच्या व्हॉल्यूमच्या खुंटीने होते. ती शून्यावर आणल्यावर आवाज थांबला, तर तो पिकअपमधून येतो आहे : सिंगल-कॉइल पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरची, दिव्यांच्या माळांची आणि डिमरची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते. अशा वेळी अंग थोडे वळवून उभे राहिले तरी फरक पडतो. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) लावायचा असेल तर त्याचा उंबरठा गुणगुण जेमतेम थांबेल इतकाच चढवावा आणि मग एक स्वर लांबवून पाहावा. शेपूट मध्येच तुटत असेल तर गेट जास्त झाला. खुंटी शून्यावर असतानाही आवाज चालूच असेल तर दोष केबलचा, अ‍ॅडॅप्टरचा किंवा मांडवातल्या अर्थिंगचा. स्टेजवरून मिक्सरपर्यंत गिटारची साधी केबल लांबच लांब ओढू नये; यंत्राजवळ डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या केबलवरून नेण्याजोगा करणारी डबी) ठेवून पुढे माइकची केबल न्यावी आणि डीआयवरचे 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबून पाहावे. मात्र गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढण्याचा जो प्रकार मांडवांत सर्रास चालतो, तो कोणी सांगितला तरी करू नका. हातात गिटारच्या तारा आणि ओठाशी माइक असताना बसलेला झटका जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : डिलेची वेळ गाण्याच्या लयीशी जुळवायची कशी? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ६०,००० ला गाण्याच्या मिनिटाच्या ठोक्यांनी भागा, म्हणजे एका ठोक्याची वेळ मिलिसेकंदात मिळते. गाणे १२० ठोक्यांचे असेल तर ५००, आणि ९२चे असेल तर सुमारे ६५२. ठोक्याच्या तीन-चतुर्थांश अंतराने येणारा, धावता वाटणारा डिले हवा असेल तर त्याला ०.७५ने गुणा : १२०च्या गाण्यात ३७५. प्रत्यक्ष कार्यक्रमात ढोलकी किंवा ड्रम जरा पुढे सरकणारच, तेव्हा यंत्रात 'टॅप', म्हणजे पायाने ठोके देऊन वेळ ठरवण्याची सोय, असेल तर तो पायाखाली ठेवा आणि गणित घरी राहू द्या.

प्रश्न : यंत्राचा अ‍ॅडॅप्टर हरवला. घरात ९ व्होल्टचा दुसरा आहे, पिनही बसते. लावू का? शिवाय भावासाठी एक जुने यंत्र पाहतो आहे, त्यात काय तपासावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : पिन बसते यावर जाऊ नका. गिटारच्या बहुतेक पेडलांना मधली पिन ऋण लागते, तर राउटरसारख्या घरगुती उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरांत ती बहुधा धन असते. अ‍ॅडॅप्टरवर एक वर्तुळ, मध्ये ठिपका आणि दोन बाजूंना अधिक-उणे अशी छोटी आकृती छापलेली असते. तीच यंत्राच्या पाठीवरही असते. दोन्ही आकृत्या हुबेहूब जुळल्या, व्होल्टेज तेवढेच असले आणि अ‍ॅडॅप्टरवरचा मिलीअँपिअरचा आकडा यंत्राच्या गरजेइतका किंवा अधिक असला, तरच लावा. मी एकदा घाईत राउटरचा अ‍ॅडॅप्टर लावला होता. यंत्रातून काहीच आवाज आला नाही, फक्त गरम प्लॅस्टिकचा वास आला, आणि दुरुस्ती करणाऱ्याने ते उघडून आतला एक काळवंडलेला भाग नखाने टिचकी मारून दाखवला.

जुने यंत्र घेताना प्रत्येक पायबटण वीस वेळा दाबून पाहा. एका दाबाला दोनदा पॅच उडी मारत असेल तर बटण झिजले आहे. जॅकमध्ये केबल घालून हलकेच हलवा, खरखर आली तर तेथील झाळ सुटली असेल. एक्स्प्रेशन पेडल हळूहळू वर-खाली करून आवाज एकसारखा चढतो का ते ऐका. मध्येच अडखळत असेल तर आधी कॅलिब्रेशन करून पाहा, कारण अनेकदा तेवढ्यानेच भागते. हे सगळे सेलवर नव्हे, अ‍ॅडॅप्टरवर करा, आणि तो मूळचाच देणार आहेत का ते पैसे देण्याआधी विचारा.