आत्याला ‘पाहायला’ आलेली मंडळी

प्रश्न : नणंदेला पाहायला मंडळी येऊन गेल्यापासून माझी सहा वर्षांची मुलगी विचारते, “आत्याला ते विकत घेणार का?” तिला काय सांगावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पोह्यांच्या बशा घेऊन आत्या खाली मान घालून बाहेर येते आणि परकी माणसे तिला न्याहाळतात, एवढेच जिने दाराआडून पाहिले, तिला दुसरे काय वाटणार? स्थळ वडीलधाऱ्यांनी सुचवले असले, तरी होकार किंवा नकार आत्या आणि तो मुलगाच देणार, असे तिला सांगा; अर्थात घरात खरोखर तसे घडत असेल तरच. ‘माझेही लग्न ठरवाल का?’ असे तिने विचारलेच, तर कायद्याने मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, हे सांगा. पुढच्या वेळी पोह्यांच्या बशा आत्याच्या भावाच्या हाती द्या.