खडी वाहणाऱ्या डब्याचं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. खरं वाटण्यासाठी काय करावं?

तुम्ही ब्रिटिश रेल्वेच्या ‘डॉगफिश’ या खडीच्या डब्याचं ओओ स्केलचं (1 फुटाला 4 मिमी) किट जोडलंत, सगळीकडून गंजाचा रंग फासलात, तरी तो खेळण्यातलाच वाटतो, असं तुमचं म्हणणं. फोटो पाहिला. रंगाकडे नंतर येतो. आधी तो आरशावर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबून बघा. डुगडुगतोय ना? एक चाक अधांतरी असलं की कितीही रंगवा, नजरेला खटकतंच, आणि पॉइंटवर, म्हणजे रूळ बदलतो त्या जागी, डबा उतरतो तो वेगळाच. एका बाजूची चौकट ब्लेडने हळूच सोडवा आणि चारही चाकं काचेवर टेकवून परत चिकटवा.

मग वजन. दर आसाला 25 ग्रॅम, म्हणजे चार चाकी डब्याला 50 ग्रॅम पुरे. इथे माझी एक फजिती सांगतो. शिशाचे तुकडे मी हॉपरच्या, म्हणजे खडी भरायच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या, उतारामागे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले होते. दोन पावसाळ्यांनंतर डब्याचं पोट सुटलं! तो गोंद आणि शिसं यांची प्रक्रिया होऊन पांढरी भुकटी तयार होते, ती फुगते आणि प्लास्टिक उसवते. शिसं लावायचंच तर इपॉक्सीने लावा. मी आता लोखंडी नटच टाकतो, रावपुऱ्यात हार्डवेअरवाला तोलून देतो.

आता रंग. तुमची चूक एकच: सगळा डबा सारखाच मळवलाय. मळाला कारण लागतं. बडोद्याच्या फलाटावरून यार्डात खडीची रेक उभी दिसली की मी चहा गार होऊ देतो आणि बघत बसतो. खालच्या दारांपाशी आणि चौकटीच्या वरच्या कडांवर दगडाची फिकट राखाडी धूळ बसलेली असते. चाकांच्या आसपास ब्रेकच्या भुकटीचा तपकिरी थर. आत मात्र दगड घासून घासून पत्रा गडद तपकिरी, जागोजागी चकाकणारा. नारिंगी गंज आत दिसतो तो डबा बरेच दिवस रिकामा भिजत पडला तर. तुम्ही आत नारिंगी भरलाय, म्हणजे डबा सेवेतून काढल्यासारखा दिसतो.

डॉगफिशच्या एका टोकाला छोटा ओटा आहे, त्यावर तीन हातचाकं. एक मधल्या दारासाठी, दोन बाजूंच्या दारांसाठी. माणसाचा हात रोज तिथेच लागणार, म्हणून त्या चाकांच्या कडा 6बी पेन्सिलीने घासा, फक्त कडा. ओट्याच्या मधोमध बुटांनी रंग उडालेला दाखवा. बाकी अंगावर तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, द्या आणि ओल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढून पुसून काढा. खाचेत राहील तेवढाच ठेवा. धुळीसाठी ड्राय पॅस्टलची पूड वापरा. वर मॅट वार्निश मारलं की निम्मी गायब होते, तेव्हा थोडी जास्तच लावा.

काळ मात्र आधी ठरवा. हे डबे सुरुवातीला काळे, पुढे ऑलिव्ह हिरवे आणि 1990 च्या सुमारास राखाडी-पिवळे. ही शेवटची जोडी नेदरलँड्सच्या रेल्वेसारखी दिसते म्हणून ब्रिटनमधले लोक तिला ‘डच’ म्हणतात. काळ्या डब्यावर राखाडी धूळ उठून दिसते, नवशिक्याने तोच घ्यावा असं माझं मत.

डॉगफिशसारखी माशांची नावं गमतीची वाटतात, पण ते रेल्वेच्या तारांमधले (टेलिग्राममधले) सांकेतिक शब्द: ‘सॅमन’ रुळांचा लांब डबा, ‘ग्रँपस’ उघडा डबा, ‘शार्क’ म्हणजे नांगर लावलेली ब्रेकव्हॅन (गार्डचा डबा). डॉगफिश खडी टाकतो आणि शार्कचा नांगर ती सारखी करतो. म्हणून चार डॉगफिशांमागे एक शार्क जोडा. त्याचा नांगर घासलेला, बाकी अंग मळकं. आपली भारतीय गाडी करायचा मोह झालाच, तर आपला 5 फूट 6 इंचांचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) या स्केलमध्ये 22 मिमी होतो आणि तुमचा रूळ 16.5 मिमी, हे आधी लक्षात घ्या.

शेवटी माल. या स्केलमध्ये 1 फूट म्हणजे 4 मिमी. खरी खडी साधारण 50 मिमीची धरली तर तुमचा खडा 0.65 मिमी हवा. एक मिमीचा खडा म्हणजे मुठीएवढा धोंडा! मापाने जाड रवा अगदी बरोबर बसतो, म्हणून मी एकदा रंगवून वापरला, आणि श्रावणात हॉपरमधून सोनकिडे चालत बाहेर आले. आईने डबा उचलून गच्चीत नेऊन ठेवला. तेव्हापासून बांधकामावरची काळ्या दगडाची कच आणतो, खलबत्त्यात थोडी कुटतो आणि चहाच्या गाळणीतून चाळतो. गाळणी नवी आणा, आणि खलबत्ताही घरातला घेऊ नका.