पहिली ओळ नकाराची

कोल्हापूर जिल्ह्याच्या सरकारी कर्मचारी संघटनेच्या नव्या सरचिटणीसबाईंना, आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. ग्रुपवर सातशे माणसं, सगळ्यांच्या निळ्या खुणा, आणि बुधवारी कचेरीच्या दारात घेतलेल्या द्वारसभेला चौदा डोकी, तीही चहावाल्याच्या पोराला धरून. इथवर हसू आलं. पण पुढं तू विचारतेस, "तात्या, सभेला लकी ड्रॉ ठेवू का? रील करून टाकू का?" तिथं डोकं तापलं. संघटना आहे ती, साडी सेंटर नव्हे.

संघटना का हवी, हे तुला सांगत बसत नाही. ते कळतं म्हणून तर बदलीची भीती डोक्यावर असताना तू पद घेतलंस. मला बोलायचंय ते तू ग्रुपवर टाकलेल्या त्या फोटोबद्दल. मधे साहेब, दोन्हीकडं आपली माणसं, हातात निवेदन, आणि खाली "विविध प्रलंबित मागण्यांबाबत सकारात्मक चर्चा." फोनवर मात्र तूच मला सांगितलंस की वैद्यकीय बिलांवर साहेबांनी हात वर केले, पदोन्नतीच्या यादीला तारीख दिली नाही, आणि साहेब घेतात ती बैठक दुपारच्या आत संपवायचं तेवढं तोंडी कबूल केलं. मग हे त्या सातशे जणांना का नाही सांगितलंस? ज्याच्या आईच्या ऑपरेशनचं बिल वर्षभर पडून आहे, तो तुझा फोटो बघतो, दुसऱ्या दिवशी आशेनं आस्थापनेच्या टेबलाशी जातो, आणि तिथला लिपिक त्याला सांगतो की अनुदानच आलेलं नाही. खरी बातमी त्याला टेबलानं दिली. तू फोटो दिलास. पुढच्या सभेला त्यानं कशाला यावं?

काय मिळालं नाही, ते पहिल्या ओळीत लिही. मिळालं असेल ते खाली. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते मी नोकरीभर आणि निवृत्तीनंतरही लोकांना नकोसं होईपर्यंत सांगत आलोय.

तुझाच मजकूर मी असा लिहिला असता:

"वैद्यकीय बिले: नाही. अनुदान आलेले नाही, कधी येईल हे सांगितले नाही. पदोन्नती यादी: तारीख मागितली, दिली नाही. बैठक दुपारी एकच्या आत संपवणे: तोंडी मान्य, लेखी नाही. पुन्हा भेट पुढच्या सोमवारी. ज्यांची बिले अडकली आहेत त्यांनी सादर केल्याची तारीख आणि रक्कम शनिवारपर्यंत द्यावी."

बस. यात घोषणा नाही, फोटो नाही. पण शेवटची ओळ बघ. बिल अडकलेल्या माणसाला काहीतरी करायला दिलंय. तो तारीख शोधायला कपाट उघडेल, शेजारच्या टेबलावरच्यालाही विचारेल. सोमवारी साहेबांपुढं तुझ्या हातात यादी असेल आणि त्या यादीतला प्रत्येक माणूस संध्याकाळी विचारायला येईल की काय झालं. सहभाग सहभाग म्हणतात तो याहून वेगळा मी तरी पाहिलेला नाही.

मी नोकरीला नुकताच चिकटलो होतो तेव्हा १९७७ च्या डिसेंबरात राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता हवा, ही मागणी. र. ग. कर्णिकांचं नेतृत्व. ५४ दिवस चालला. फोन कुणाच्या घरात होता? आमच्याकडं एक ज्येष्ठ सहकारी होते, कार्बन घालून हातानं पत्रकं लिहायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं तालुक्यांना पाठवायचे. ज्या दिवशी मुंबईहून काहीच कळलं नाही, त्या दिवशीही पत्रक निघायचं आणि त्यात लिहिलेलं असायचं की आज काही कळलं नाही. दोन दोन पगार बुडत होते, दुकानदार उधारी द्यायला कुरकुरत होते, तरी आमच्या कचेरीतला एकजण आत गेला नाही. त्या पत्रकात आपल्याला कुणी फसवत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता मार्च २०२३ आठव. "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत १४ तारखेला संप सुरू झाला आणि २० तारखेला मागे घेतला. मागे घ्यायला नको होता असं मी म्हणत नाही. संप कधी थांबवायचा हा नेत्यांचा निर्णय असतो आणि तो कुणीतरी घ्यावाच लागतो. पण आमच्या इथल्या पोरांना तो टीव्हीवरच्या पट्टीतून कळला. काय पदरात पडलं, काय नाही, हे विचारायला ती माझ्याकडं, एका म्हाताऱ्या निवृत्ताकडं आली. सहा दिवस घोषणा देऊन घसे बसलेली पोरं ती. तेव्हापासून त्यातली निम्मी वर्गणी द्यायलाही टाळतात, आणि तू म्हणतेस नव्या पिढीला आस्था नाही.

कोल्हापूरची माणसं उठत नाहीत, हे तर मला सांगूच नकोस. ऐंशीच्या घरातले एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे पुढं होते आणि हे गाव शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवूनच थांबलं.

पेन्शनचंच बघ अजून. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं केंद्राची एकीकृत पेन्शन योजना घ्यायचं ठरवलं, तेव्हा ग्रुपवर अभिनंदनाचे हार पडले. १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी, पगारातून कपात नसलेली पेन्शन बंद झाली; त्यानंतर लागलेल्या माणसाला त्यातलं आधी काय सांगायचं? पगारातली १० टक्के कपात सुरूच राहणार, म्हणजे ही जुनी पेन्शन नव्हे. मग सांगायचं की २५ वर्षं सेवा भरली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, कमी भरली तर त्या प्रमाणात. आता तुझ्या कचेरीतली ती ३८ व्या वर्षी लागलेली बाई घे. ५८ ला ती निवृत्त होणार, सेवा २० वर्षं, म्हणजे ४० टक्के. हे तिला कुणी सांगितलंय? पानंच्या पानं असलेला जीआर तू फॉरवर्ड केलास, ती तो उघडणारही नाही. तिच्या टेबलाशी जा, तिचं सेवापुस्तक काढायला लाव, नेमणुकीची तारीख बघ आणि तिच्या देखत कागदावर हिशोब मांड. ४० हा आकडा ऐकून ती चिडेल. चिडू दे की! चिडलेली बाई सभेला येते.

आणि ग्रुपवर "फक्त ॲडमिन लिहू शकतात" असं कुलूप घातलंय ते काढ. लोक वाट्टेल ते लिहितात म्हणे. लिहू देत. सुविचार आणि वाढदिवस सोसावे लागतील, मीही सोसतो. पण चंदगडच्या टोकाला बसलेला माणूस शंभरावर किलोमीटर येऊन तुला प्रश्न विचारणार आहे का? शिवाय पावसाळ्यात गगनबावड्याकडं रेंज गेली की तुझा ग्रुपही गेला, म्हणून कचेरीतला फलक सोडू नकोस. खडू लागतो फक्त.

तुमचे अध्यक्ष तुला सांगतील की अशानं लोकांचं मनोधैर्य खचतं. मलाही हेच सांगितलं होतं. मी फलकावर "नाही" लिहितो म्हणून कार्यकारिणीत माझ्यावर तासभर चर्चा झाली, फलकाची किल्ली काढून घेतली, आणि जिल्ह्याचं पद ज्याला मिळायचं त्याला मिळालं. ज्या मित्रानं ठराव मांडला तो आणि मी पुढं एका मांडवाखाली बसलो नाही. तो गेला तेव्हाही आमचं बोलणं नव्हतं. याचं वाईट वाटतं मला, खोटं कशाला बोलू. पण त्या फलकाचं तसूभरही वाटत नाही. मनोधैर्य खचवतो तो नकार नव्हे, नकार लपवल्याचं मागाहून कळणं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही. ते मी प्रत्येक संपाच्या आधी सभेत उभं राहून सांगायचो, पगार कापला जाईल हेही सांगायचो, आणि मग विचारायचो, आता कोण कोण येतंय? हात कमी वर व्हायचे. पण वर झालेला हात शेवटपर्यंत खाली यायचा नाही. चुकलं असेल माझं तर सांग, पण मला नाही वाटत.

सोमवारच्या भेटीचा मजकूर लावायच्या आधी मला वाचून दाखव. पहिल्या ओळीत "मान्य" दिसलं तर मी फोन ठेवून देईन. सहानंतर कर, त्याआधी नातवाची शिकवणी असते. आणि येताना पावती पुस्तक आण, माझी निवृत्तांची वर्गणी द्यायची राहिलीय.

तुझा,
तात्या