दवाखाना आणि खिसा: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (केज): वडलांना बीडला प्रायव्हेटमधी ऍडमिट केलं, 50 हजार डिपॉझिट भरलं. तिसऱ्या दिवशी कळलं की तिथं महात्मा फुले योजना चालते. पैसे वापस भेटतील का?

दादा, खरं सांगायचं तर अवघडय. महात्मा फुले ही राज्य सरकारची फुकट उपचाराची योजना, तिच्यात आधी ऑनलाइन मंजुरी लागते आणि ती दवाखान्यानंच मागायची असते, मागितलीच नसली तर सरकार त्यांना पैसे देत नाही अन् ते तुम्हाला देत नाहीत. तरी पावत्या जपून ठेवा, तिथल्या आरोग्यमित्राकडं (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) लेखी तक्रार द्या, योजनेच्या 155388 नंबरला फोन लावा. योजनेत मंजूर केस असताना पैसे घेतले असतील तर मात्र सोडू नका, पॅकेजमधी तपासण्या, ऑपरेशन, औषधं, पेशंटचं जेवण, घरी जायचं भाडंसुद्धा धरलेलं असतं.

आणि ऍडमिट करतानाच विचारायचं ते हे, की "हा आजार, याच दवाखान्यात योजनेत बसतो का?" नुसतं "योजना हाय का?" विचारलं की काउंटरवरची पोरगी हो म्हणते, मग कळतं की हाडाचं ऑपरेशन बसतंय पण हार्टचं नाही.

प्रश्न (उदगीर): शुगर-बीपीच्या गोळ्यांना आयुष्मान कार्ड मेडिकलवर चालंना. मग पाच लाखाचं काय करायचं?

ते पाच लाख ऍडमिट झाल्यावरचे, ताई. आणि माझं तर स्पष्ट मत हाय की गरिबाचं घर मोठ्या ऑपरेशनपेक्षा ह्या दर महिन्याच्या गोळ्यांनीच पोखरतंय, योजनेच्या बॅनरवर ते कुणी लिहीत नाही. तुमच्यासाठी रस्ता दुसरा: गावचं उपकेंद्र किंवा पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिथं शुगर-बीपीची तपासणी आणि गोळ्या फुकट. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केस पेपरलाही पैसे नाहीत. (संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती ही मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, त्यांना हा निर्णय लागू नाही.) पीएचसीत गोळ्या संपल्या असल्या, आणि संपतात, तर सरकारचं स्वस्त औषधांचं जनऔषधी केंद्र गाठा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तर डॉक्टरला म्हणा, औषधाचं मूळ नाव लिहून द्या.

प्रश्न (सेनगाव): आमचं राशन कार्ड पांढरं. आबा 73 वर्षाचे. काही भेटंल का?

भेटंल. आपल्या मराठवाड्यात पांढऱ्या कार्डाचे शेतकरी सातबारावर महात्मा फुले योजनेत आधीपासूनच होते, 2024 पासून तर राज्यात सगळ्याच कार्डांना लागू झालं. आबांचं वय 70 च्या वर, त्यामुळं आधारवर वय वंदना कार्डही (म्हाताऱ्यांचं आयुष्मान कार्ड) निघतं, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न (परतूर): स्टेंटचा रेट सरकारनं बांधला म्हणतात, मग बिल दोन लाख कसं काय?

रेट बांधला हे खरंय (स्टेंट म्हणजे हार्टची नस उघडी ठेवणारी बारीक जाळी). फेब्रुवारी 2017 मधी औषधवाल्या स्टेंटची किंमत 29,600 वर आणली, त्याआधी तोच लाखाच्या वर विकत होते. पण बांधला तो स्टेंटचा. खाटेचं भाडं, डॉक्टरची फी, कॅथलॅब (स्टेंट टाकायची खोली), "कन्झ्युमेबल्स" (एकदा वापरून फेकायचा माल) नावाची ओळ, ह्यावर तशी मर्यादा नाही, आणि जे स्टेंटमधी गेलं ते तिथून काढायचा धंदा काही ठिकाणी चालतो. बिलात स्टेंट वेगळा दाखवायला लावा, कंपनीचं नाव आणि किंमत बघा. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असला तर अजून एक दार हाय: 10 टक्के खाटा निर्धन पेशंटला फुकट आणि 10 टक्के सवलतीत ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारकय. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला किंवा राशन कार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा, अन् खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्ताच्या जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज टाका.