वडिलांनी परवा रात्रीपासून रोजची फेणी अचानक बंद केली. हात कापतात, झोप नाही. घरीच ठेवले तर चालेल का? (डिचोली)

नाही, आजच इस्पितळात दाखवा. झटका (फिट) आला किंवा असंबद्ध बोलू लागले तर तडक १०८ लावा. मी मेडिसिन वॉर्डात नर्स आहे, हे चित्र नेहमीचे. वर्षानुवर्षांची दारू एकदम तुटली की तिने दाबून ठेवलेला मेंदू उसळतो. थरथर, घाम, ओकाऱ्या, धडधड ६ ते २४ तासांत सुरू होते, झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत. खरी भीती त्यानंतरच्या दोन दिवसांची: जागा-वेळेचे भान सुटते, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. हे डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार न झाल्यास माणूस दगावतो. तुमचे वडील त्याच उंबरठ्यावर आहेत.

इस्पितळात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधे देऊन डोस काही दिवसांत हळूहळू उतरवतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. सोबत थायामिन (बी-१ जीवनसत्त्व), तेही ग्लुकोज चढवण्याआधी; हे डॉक्टरांना जरूर विचारा. फार्मसीतून झोपेच्या गोळ्या स्वतःहून आणू नका. ‘थोडी उर्राक (काजूची हलकी दारू) पाज, थांबेल’ असे शेजारी सांगतीलच. थांबतेही, पण दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मात्र प्रत्येक थरथर दारू सुटल्याचीच नसते. मधुमेह असेल किंवा पडून डोक्याला मार लागला असेल तर ते आधी सांगा. म्हापशाचे जिल्हा इस्पितळ तुम्हाला जवळ. पुढे व्यसन सोडवायला बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.