नीट सोडून मेंदूवर संशोधन?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी सुरू आहे. रोगप्रतिकारशक्तीची प्रथिनं मेंदूतल्या पेशींचे जोड ठरवतात, असं कुठेतरी वाचल्यापासून एमबीबीएस नको, संशोधन करते म्हणते. तिचे बाबा नाराज आहेत. आमची काटोलला संत्र्याची बाग आहे, पण तिच्या शिक्षणाला पैसा कमी पडू देणार नाही. काय करावं?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

ताई, नमस्कार.

लेकीने वाचलं ते खरं आहे. फळं उतरली की तुम्ही बागेतली सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढता ना? वाढत्या मेंदूतही जोड गरजेपेक्षा जास्त फुटतात आणि मग छाटणी होते. फक्त इथे वाळलेली नाही, कमी वापरातली फांदी जाते. तिच्यावर खूण करतात सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनं, जी एरवी जंतूंवर खूण करतात. मग मायक्रोग्लिया नावाच्या पेशी तो जोड गिळून टाकतात. ही प्रथिनं नसलेल्या उंदरांत डोळ्याकडून मेंदूकडे येणारे जास्तीचे जोड तसेच राहतात, हे बेथ स्टीव्हन्स आणि बेन बॅरेस यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं.

मला मात्र त्याआधीची गोष्ट जास्त आवडते. मेंदूशास्त्रज्ञ कार्ला शॅट्झ यांच्या प्रयोगशाळेत मांजरीच्या गर्भातल्या पिलांच्या मेंदूतले संदेश थांबवून कोणतं जनुक मंदावतं ते शोधत होते. हाती लागलं एमएचसी वर्ग १ या प्रथिनांचं जनुक, थेट रोगप्रतिकारशास्त्राच्या पुस्तकातलं! निरोगी चेतापेशी ही प्रथिनं बनवतच नाहीत, असा तेव्हा समज होता. त्यांनी ते चूक म्हणून टाकून दिलं नाही, १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं.

तुमच्या मुलीला असंच मेंदू आणि रोगप्रतिकार, दोन्हीकडचं शिकायला हवं. त्यासाठी एमबीबीएस हाच रस्ता नाही, आणि तो बंदही नाही. डॉक्टर होऊनही संशोधनात जाता येतं. नीट देऊ द्या, सोबत आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, भरा. तिच्यात जीव, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी १५ प्रश्न असतात. गणित सोडलं असेल तर आजपासून वही उघडायला सांगा. पुण्याचं आयसर घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिथे नाही जमलं तर नागपुरातच बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी.

बाबांना खरं सांगा : पीएचडीला पाच-सहा वर्षं लागतात, नोकरी उशिरा लागते. पण त्या काळात जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो, घरून पैसे मागावे लागत नाहीत.

आणि एक करा. तिला कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली एकच स्लाइड दोन तास बघू द्या, दिसेल ते वहीत काढू द्या. घरी आल्यावर ती काय सांगते, ते मला कळवा.